कॅलिफोर्नियातलं स्पीडिंगचं तिकीट आणि ऑनलाइन ट्रॅफिक स्कूल: काय झाकलं जातं, काय उरतं

प्रश्न थोडक्यात असा. सॅन होजेला राहणारे एक आयटीवाले, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. १४ सप्टेंबर २०२५ ला फ्रीमाँटजवळ ८८० या फ्रीवेवर हायवे पेट्रोलने थांबवलं. ६५ मैलांची मर्यादा, वेग लिहिला ८२, राज्याच्या वाहन कायद्याचं कलम २२३४९(ए). पहिलंच तिकीट. तीन आठवड्यांनी कोर्टाचं पत्र आलं. ऑफिसातले मित्र म्हणतात, ‘पैसे भर आणि मोकळा हो’. बायको म्हणते, ऑनलाइन कोर्स केला की केस रद्द होते. खरं काय, कोर्स कुठला घ्यायचा, पुढे व्हिसाला अडचण येईल का आणि डिसेंबरात येणाऱ्या वडिलांनी गाडी चालवली तर चालेल का, हेही त्यांनी विचारलंय.

मित्र आणि बायको, दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. नुसते पैसे भरलेत तर मोकळे व्हाल खरे, पण लायसन्सवर एक पॉइंट, म्हणजे चुकीचा दोषांक, घेऊन. आणि कोर्स केल्याने केस रद्द होत नाही. पूर्वी कॅलिफोर्नियात तसं होत असे, ट्रॅफिक स्कूल केलं की केस काढून टाकायचे. १ जुलै २०११ पासून नियम बदलला. आता दोष सिद्ध झाल्याची नोंद होतेच, फक्त ती ‘गोपनीय’ राहते. म्हणजे इन्शुरन्स कंपनीला दिसत नाही आणि पॉइंट मोजला जात नाही. दंड पूर्ण भरावाच लागतो, त्यावर कोर्टाची वेगळी फी आणि स्कूलची फी. तुम्ही पैसे देऊन नोंदीवर पडदा विकत घेताय, असं समजा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच गोंधळ आपोआप टळतात.

तुमच्या बाबतीत तो पडदा घ्यावा का? माझ्या मते घ्यावा. हिशेब सांगतो.

६५ वर ८२ म्हणजे १७ मैल जास्त. १६ ते २५ मैलांच्या गटात मूळ दंड फक्त ७० डॉलर आहे, पण त्यावर राज्याचे, काउंटीचे आणि कोर्टाचे आकार चढतात. दर दहा डॉलरमागे लागणारा दंड-अधिभार, २० टक्के सरचार्ज, ४० डॉलर कोर्टाच्या कामकाजाचे, ३५ डॉलर दोषसिद्धीचे, असं करत रक्कम साधारण ३६०-३७० पर्यंत जाते. १ ते १५ मैल जास्त असता तर २४० च्या आसपास सुटला असता. २६ च्या पुढे ४९० च्या घरात. पत्रावर या रकमेला ‘बेल’ म्हटलेलं असतं. तो शब्द वाचून घाबरू नका, अटक-जामिनाचा इथे काही संबंध नाही. ट्रॅफिक कोर्टाच्या भाषेत बेल म्हणजे आधी जमा करायची दंडाची रक्कम, बस.

या रकमेवर ट्रॅफिक स्कूलसाठी कोर्टाची प्रशासकीय फी काउंटीप्रमाणे साधारण ५० ते ६५ डॉलर, आणि ऑनलाइन स्कूलची फी साधारण २०-३०. एकूण जादा खर्च शंभराच्या आत. समोर काय आहे? पॉइंट तीन वर्षं लायसन्सवर राहतो. प्रीमियम किती वाढेल हे कंपनीवर, गाडीवर आणि आधीच्या नोंदीवर ठरतं, त्यामुळे कुणाच्याही ऐकीव आकड्यावर जाऊ नका. दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या साइटवर तुमच्याच गाड्यांसाठी दोनदा कोट, म्हणजे प्रीमियमचा अंदाज, काढा, एकदा ‘तिकीट नाही’ आणि एकदा ‘एक स्पीडिंग तिकीट’ असं भरून. फरकाला तीन वर्षांनी गुणा. फरक शंभर डॉलरच्या खाली आला तर कोर्स करू नका. सहसा येत नाही.

एक गोष्ट मात्र फार जणांना माहीत नसते. १९८८ च्या प्रपोझिशन १०३ ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने, चांगल्या चालकाला किमान २० टक्के सवलत देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं, आणि तीन वर्षांत एक पॉइंट असला तरी ती सवलत जात नाही. जाते ती दुसऱ्या पॉइंटने. म्हणून ‘पहिलंच तिकीट आहे, सवलत तर राहणारच, कोर्स कशाला’ हा हिशेब अर्धवट आहे. पहिला पॉइंट उघडा ठेवलात तर पुढची तीन वर्षं एका चुकीचीही मुभा उरत नाही. घरात दोन गाड्या आणि नवशिका मुलगा एकाच पॉलिसीवर असतील तर हा मुद्दा आणखी जड होतो.

लायसन्सचा हिशेब वेगळा: १२ महिन्यांत ४, २४ महिन्यांत ६ किंवा ३६ महिन्यांत ८ पॉइंट झाले की डीएमव्ही, म्हणजे राज्याचा मोटार वाहन विभाग, निष्काळजी चालक ठरवून लायसन्स निलंबित करते. त्याआधी दोन पातळ्यांवर इशाऱ्याची पत्रं येतात. तुम्ही तिथून खूप लांब आहात.

आता तुम्ही पात्र आहात का. अटी मोजक्या आहेत. लायसन्स वैध हवं, गाडी खासगी हवी, गुन्हा पॉइंट पडणारा किरकोळ प्रकारचा हवा. दारू किंवा ड्रग्जशी संबंध नको. दोन पॉइंटांचा गुन्हा, उदाहरणार्थ १०० मैलांच्या वर, नको. या तिकिटावर आधी तारीख चुकवलेली नको. आणि नोंदलेला वेग मर्यादेच्या २५ मैलांहून जास्त वर नको. ६५ च्या रस्त्यावर ९० ला कोर्टाचा क्लार्क परस्पर परवानगी देऊ शकतो, ९१ ला नाही, मग न्यायाधीशासमोर जाऊन मागावी लागते, ती मिळेलच असं नाही. म्हणून तिकिटाचा कागद नीट वाचा. मधल्या भागात वेगाचे छोटे चौकोन असतात, अंदाजे वेग, कमाल मर्यादा, सुरक्षित वेग, रडार वापरलं की नाही. अधिकाऱ्याने तोंडी काय सांगितलं याला किंमत नाही, चौकोनात काय लिहिलंय याला आहे.

अठरा महिन्यांची अट लोक सर्वांत जास्त चुकीची मोजतात. मागच्या वेळी ट्रॅफिक स्कूल घेतलं त्या गुन्ह्याच्या तारखेपासून आताच्या गुन्ह्याच्या तारखेपर्यंत १८ महिने झालेले हवेत. कोर्स पूर्ण केला ती तारीख धरायची नाही, पैसे भरले ती नाही, कोर्टाची तर मुळीच नाही. तुम्ही आता कोर्स घेतलात तर पुढचं तिकीट १४ मार्च २०२७ च्या आधीच्या तारखेचं असेल तोवर हा दरवाजा बंद.

याच कारणासाठी पॉइंट नसलेल्या तिकिटावर कोर्स घेण्याचा मूर्खपणा करू नये. फोन हातात धरल्याचं पहिलं तिकीट, कलम २३१२३.५, सगळं धरून १६० डॉलरच्या आसपास पडतं, पण त्याला पॉइंट नाही. ३६ महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा सापडलात तर पॉइंट पडतो, हा नियम १ जुलै २०२१ पासूनचा. दिवा गेलेला, नोंदणीचा स्टिकर जुना, असल्या तिकिटांना कोर्स लागत नाही. दुरुस्ती करून अधिकाऱ्याची सही आणायची आणि २५ डॉलर भरायचे. सॅन फ्रान्सिस्कोत २०२५ पासून बसवलेल्या वेग-कॅमेऱ्यांची नोटीसही दिवाणी दंडाची असते, गाडीच्या मालकाच्या नावाने, ५० डॉलरपासून पुढे, पॉइंट शून्य. तिच्याशी ट्रॅफिक स्कूलचा काही संबंध नाही. लाल सिग्नलच्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी, तिथे पॉइंट पडू शकतो.

ज्यांच्याकडे ट्रक-बसचं कमर्शियल लायसन्स आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की स्वतःच्या कारमध्ये सापडले तर कोर्स घेता येतो, पॉइंटही मोजला जात नाही, पण नोंद झाकली जात नाही. मालकाला आणि इन्शुरन्सला ती दिसते. ट्रक चालवताना सापडले तर कोर्सच नाही.

लढावं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पैसे भरण्याआधीच तो सोडवायला हवा, नंतर मागे फिरता येत नाही. कॅलिफोर्नियात कोर्टात न जाता लेखी लढण्याची सोय आहे. टीआर-२०५ हा फॉर्म भरून, बेलची पूर्ण रक्कम जमा करून आपलं म्हणणं पाठवायचं. अधिकारीही आपलं लेखी पाठवतो, न्यायाधीश कागदांवरून निकाल देतो. हरलात तर निकाल पाठवल्याच्या तारखेपासून २० दिवसांत टीआर-२२० भरून प्रत्यक्ष सुनावणी नव्याने मागता येते. जिंकण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे अधिकाऱ्याने उत्तरच न पाठवणं, हे उघड गुपित आहे. पण ‘स्पीड ट्रॅप’चा जो बचाव इंटरनेटवर सगळीकडे सांगतात, रस्त्याचा अभियांत्रिकी सर्वे जुना आहे वगैरे, तो गावातल्या ३५-४० च्या रस्त्यांसाठी असतो. फ्रीवेवरच्या ६५ च्या कमाल मर्यादेला तो लागू नाही. तुमचं तिकीट नेमकं तिथलं. लढायचंच असेल तर टीआर-२०५ मधल्या निवेदनात शेवटी लिहा की दोषी ठरवल्यास ट्रॅफिक स्कूलची परवानगी द्यावी. हे वाक्य न लिहिल्यामुळे हरल्यावर कोर्सही हातचा गेल्याची प्रकरणं पुष्कळ असतात. माझा सल्ला तुमच्यासाठी: १७ मैल जास्त, फ्रीवे, पहिलं तिकीट. सरळ कोर्स घ्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. इथे तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन गोष्टी व्हाव्या लागतात. कोर्टात तुमची निवड आणि पैसे, स्कूलमध्ये कोर्स आणि परीक्षा, डीएमव्हीकडे पूर्ततेची नोंद. यातलं एक जरी निसटलं तरी पॉइंट पडतो आणि भरलेले पैसे परत येत नाहीत.

पहिलं, कोर्ट. गुन्हा जिथे घडला त्या काउंटीचं कोर्ट, तुम्ही राहता तिथलं नव्हे. तुम्ही सांता क्लारा काउंटीत राहता, फ्रीमाँट अलामेडा काउंटीत. म्हणजे केस अलामेडा काउंटी सुपीरियर कोर्टाची. पत्र आलं नसतं तरी तिकिटाच्या तळाशी लिहिलेली तारीख तुम्हाला बांधील असती. रस्त्यावर केलेली सही म्हणजे गुन्हा कबूल केल्याची नव्हे, ‘या तारखेपर्यंत हजर होईन’ या वचनाची सही आहे. ती तारीख चुकवली तर १०० डॉलरपर्यंत वेगळा आकार लागू शकतो आणि हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा धरता येतो, स्पीडिंगपेक्षा वरच्या दर्जाचा. आपल्याकडे ई-चलन महिनोन्‌महिने पडून राहतं आणि लोकअदालतीत निम्म्यात मिटतं, ती सवय इथे घातक ठरते.

कोर्टाच्या साइटवर तिकिटाचा किंवा केसचा नंबर टाकला की पर्याय दिसतात: नुसता दंड भरा, दंड भरून ट्रॅफिक स्कूल घ्या, कोर्टाची तारीख मागा. घोळ इथेच होतो. घाईत पहिला पर्याय दाबून कार्डाने पैसे भरले जातात, वाटतं कोर्स नंतर घेऊ. तसं होत नाही. नुसते पैसे भरणं म्हणजे दोष मान्य, केस बंद, आणि कोर्ट काही दिवसांत डीएमव्हीला कळवून टाकतं. भरायच्या रकमेत प्रशासकीय फी वेगळी मिळवलेली दिसतेय का ते पाहा. दिसत नसेल तर चुकीच्या पर्यायावर आहात, थांबा. पैसे भरल्यावर पावतीवर ट्रॅफिक स्कूल निवडल्याचा उल्लेख आणि कोर्स पूर्ण करण्याची शेवटची तारीख असते. तिचा पीडीएफ जपून ठेवा.

चुकीचा पर्याय आधीच दाबला गेला असेल तर त्याच दिवशी क्लार्कच्या खिडकीवर जा. काही काउंट्यांत थोड्या दिवसांत दुरुस्त करून देतात, काही ठिकाणी न्यायाधीशाकडे अर्ज करायला सांगतात. फोनवर तासभर गाणी ऐकण्यापेक्षा समक्ष गेलेलं बरं.

दुसरं, स्कूल. कुठल्या जाहिरातीवरून नाही, डीएमव्हीच्या साइटवरच्या परवानाधारक ट्रॅफिक व्हायोलेटर स्कूलच्या यादीतून निवडा. ‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग’ नावाचे किंवा दुसऱ्या राज्यांसाठीचे कोर्स कॅलिफोर्नियाच्या तिकिटाला चालत नाहीत, मग ते कितीही चांगले असोत. यादी लांबलचक आहे, आणि एकाच मालकाची चार नावं असतात, त्यामुळे नावांत फार शोधत बसू नका. किंमत पाहा आणि शेवटच्या पानापर्यंत जाऊन एकूण किती होतात ते पाहा. १० डॉलरचा कोर्स अनेकदा ‘तातडीची नोंद’, ‘ऐकण्याची सोय’, ‘पोस्टाने प्रमाणपत्र’ करत ४५ वर जातो. पूर्ततेची माहिती स्कूलने तीन कामकाजाच्या दिवसांत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डीएमव्हीकडे पाठवायचीच असते, आणि कोर्ट ती तिथून घेते. तुम्ही कागद घेऊन कोर्टात जायचं नसतं. शेवटची तारीख उंबऱ्यावर आली नसेल तर तातडीची फी म्हणजे पाण्यात पैसे.

नोंदणी करताना तीन गोष्टी तंतोतंत जुळायला हव्यात: लायसन्स नंबर, केसचा नंबर, कोर्ट. तिकिटावरचा नंबर आणि कोर्टाने दिलेला केस नंबर काही काउंट्यांत एकच असतो, काहींत नाही. पत्रावर जो छापलाय तो, मधल्या अक्षरांसकट टाका. कोर्टाच्या यादीतही एकाच काउंटीच्या अनेक शाखा दिसतात, पत्रावर जी आहे तीच निवडा. नावाची मराठी भानगड वेगळी. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी दिलेल्या नावात मिसळलेलं असतं, कधी मधलं नाव म्हणून, कधी नसतंच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर लायसन्स एकीकडे, ऑफिसचे कागद दुसरीकडे. स्कूलच्या फॉर्मवर लायसन्सच्या प्लास्टिकवर छापलंय तसंच नाव लिहा, अधिकाऱ्याने तिकिटावर चुकीचं स्पेलिंग लिहिलं असलं तरी. जन्मतारीख महिना आधी, दिवस नंतर. ०५/०८ लिहिताना हात आपसूक उलटा जातो.

कोर्स म्हणजे वाचनाची प्रकरणं, प्रत्येकानंतर छोटे प्रश्न, शेवटी बहुपर्यायी परीक्षा. पास व्हायला ७० टक्के. परीक्षेच्या संधी मर्यादित असतात, अमर्याद नाहीत, तेव्हा वाचल्याशिवाय थेट शेवटाला उडी मारू नका. एका रविवारी बसलात तर होतं, लॉगआउट करून दुसऱ्या दिवशी पुढे चालूही करता येतं. रूममेटला बसवू नका. कोर्स स्वतः केला असं सहसा लिहून द्यावं लागतं, आणि परक्या देशात व्हिसावर असताना खोटं लिहून देणं ही वीस डॉलरच्या कोर्ससाठी करायची गोष्ट नाही.

परीक्षेत आपली माणसं ठरावीक जागी अडतात. चार बाजूंनी स्टॉप असलेल्या चौकात आधी आलेला आधी जातो, एकाच वेळी आले तर उजवीकडच्याला वाट. लाल दिव्यावर उजवीकडे वळता येतं, पण आधी रेषेपाशी चाकं पूर्ण थांबवून. नुसता वेग कमी करून वळलं की तेच तिकीट. स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं, रस्ता दुभाजकाचा किंवा दोन्ही दिशांना दोन-दोन लेनचा नसेल तर. न दिसणाऱ्या चौकात, गल्लीत आणि फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगजवळ जिथे दोन्हीकडचं दिसत नाही तिथे १५ मैल. शाळेजवळ मुलं असताना २५. पुढच्या गाडीपासून तीन सेकंद. सायकलवाल्याला ओलांडताना किमान तीन फूट, शक्य असेल तर लेनच बदला. २१ वर्षांखालच्यांसाठी रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०१, मोठ्यांसाठी ०.०८, कमर्शियल गाडीवर ०.०४. इन्शुरन्सची किमान मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून एका माणसाच्या इजेसाठी ३०, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजांसाठी ६० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५ हजार डॉलर झाली. जुन्या नोट्सवरून अभ्यास कराल तर १५, ३०, ५ असं वाचाल.

वेळेचं म्हणाल तर शेवटच्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधी परीक्षा संपवा. स्कूल ते डीएमव्ही ते कोर्ट हा प्रवास बहुतेक वेळा गुपचूप होतो, पण अडकला तर शोधायला दिवस लागतात. मुदत अपुरी वाटत असेल तर ती संपायच्या आधी कोर्टाकडे वाढवून मागा. बऱ्याच ठिकाणी एकदा मिळते. संपल्यावर मागणं म्हणजे न्यायाधीशाच्या मर्जीवर.

तिसरं, पडताळणी. परीक्षेनंतर दोन आठवड्यांनी कोर्टाच्या साइटवर केस उघडून पूर्तता लागली का पाहा. नसेल तर पहिला फोन स्कूलला: कुठल्या तारखेला, कुठल्या केस नंबरवर, कुठल्या कोर्टाकडे पाठवलं, एवढंच विचारा. दहातल्या नऊ वेळा एखादा आकडा किंवा शाखा चुकलेली निघते आणि ते दुरुस्त करून पुन्हा पाठवतात. आणखी महिन्याभराने डीएमव्हीच्या साइटवरून स्वतःचा ड्रायव्हर रेकॉर्ड काढा, ऑनलाइन दोन डॉलर लागतात. पॉइंटची बेरीज तिथे कळते. इन्शुरन्सच्या नूतनीकरणाआधी हे झालेलं हवं, कारण कंपनी तेव्हाच रेकॉर्ड ओढते.

या काळात घर बदललंत तर डीएमव्हीला दहा दिवसांत नवा पत्ता कळवावा लागतो. इमिग्रेशनसाठी एआर-११ या पत्ताबदलाच्या फॉर्मची मुदतही दहा दिवसांचीच आहे, एका बैठकीत दोन्ही उरका. कोर्ट पत्रं डीएमव्हीकडच्या पत्त्यावर पाठवतं, आणि जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडलेलं पत्र ही सबब चालत नाही. ‘तुमचं ट्रॅफिक तिकीट थकलंय, या लिंकवर भरा’ असे मेसेज मात्र सरळ डिलीट करा. पैसे भरायला कोर्टाच्या साइटवर स्वतः जायचं.

ज्यांना दंडच परवडत नाही, उदाहरणार्थ एफ-१ वरचे विद्यार्थी, त्यांच्यासाठी राज्याच्या कोर्टांची ‘मायसायटेशन्स’ नावाची ऑनलाइन सोय आहे. उत्पन्न कमी असल्याचं दाखवलं तर दंड कमी होतो, हप्तेही मिळतात. पण त्यातून मिळालेला निकाल आणि ट्रॅफिक स्कूल यांचं कसं जुळवायचं हे अर्ज करण्याआधी क्लार्कला विचारून घ्या. क्रम चुकला की एक सवलत दुसरीला खाते.

आता व्हिसा. नोंद गोपनीय होते ती इन्शुरन्सपुरती. ग्रीन कार्डच्या आय-४८५ वर आणि नागरिकत्वाच्या एन-४०० वर ‘कधी अटक झाली का, साइट केलं का, ताब्यात घेतलं का’ अशा अर्थाचा प्रश्न असतो, आणि रस्त्यावर लिहून दिलेलं तिकीट म्हणजे साइटेशनच. ‘कोर्स केला, मग नाही लिहू’ ही चूक करू नका. स्पीडिंगसारख्या किरकोळ प्रकरणात, दारू-ड्रग्ज नसतील, प्रत्यक्ष अटक नसेल आणि दंड ५०० डॉलरपेक्षा कमी असेल तर कागद जोडायची गरज नसते, असं त्या फॉर्मच्या सूचनांमध्ये सांगितलेलं असतं. भरताना त्या वेळची आवृत्ती वाचा. तुमची रक्कम त्या आत बसते. लाल सिग्नलच्या तिकिटाला मात्र ४९० अधिक कोर्टाची फी मिळून आकडा पाचशेच्या वर जातो, मग फी दंडात धरायची की नाही हा वकिलाचा प्रश्न होतो. कुणालाही असो, तिकिटाची प्रत, पावती आणि केस बंद झाल्याचं पान एका फाइलमध्ये कायमचं ठेवा. कोर्टं जुनी किरकोळ प्रकरणं काही वर्षांनी नष्ट करतात, आणि दहा वर्षांनी नागरिकत्वाच्या मुलाखतीआधी तो कागद शोधणं फार कष्टाचं होतं.

दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला ऐकताना जपून. टेक्सासात, म्हणजे डॅलस-ह्यूस्टनकडे, कोर्स केल्यावर केस खरोखर रद्द होते. पण तिथे हजर राहायच्या तारखेआधी कोर्टाकडे मागणी करायची, सहा तासांचा कोर्स ९० दिवसांत करायचा, आणि प्रमाणपत्र व ड्रायव्हिंग रेकॉर्डची टाइप ३ए प्रत तुम्ही स्वतः कोर्टात द्यायची. मध्ये १२ महिन्यांचं अंतर लागतं. न्यू जर्सीत, एडिसनच्या मंडळींना कोर्सने दोन पॉइंट कमी होतात, पाच वर्षांत एकदा. न्यूयॉर्कात कोर्स ३२० मिनिटांचा, चार पॉइंटांपर्यंत वजावट आणि तीन वर्षं इन्शुरन्समध्ये १० टक्के सूट, पण तिकीट तिथेच राहतं. तुमच्या बायकोने जे ऐकलं ते बहुधा टेक्सासवाल्या मैत्रिणीकडून.

राहिले वडील. पाहुणे म्हणून आलेल्यांना भारतातल्या वैध लायसन्सवर कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते. महाराष्ट्राच्या स्मार्ट कार्डावर मजकूर इंग्रजीत असतो, त्यामुळे रस्त्यावर अडचण कमी येते. जुनं, पुस्तकासारखं लायसन्स असेल तर निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणायला सांगा. गाडीची चावी देण्याआधी तुमच्या इन्शुरन्स कंपनीला त्यांचं नाव कळवा, काही पॉलिसी घरात राहणाऱ्या न कळवलेल्या चालकाला नाकारतात. त्यांना तिकीट मिळालं तर लायसन्स नंबरच्या जागी भारतीय नंबर येतो, त्यांच्या नावाने डीएमव्हीकडे वेगळी नोंद उघडते, आणि ट्रॅफिक स्कूल मिळेल का हे क्लार्क कागद पाहून सांगतो. कोर्टाची तारीख त्यांच्या परतीच्या विमानानंतरची असेल तर केस साइटवर दिसायला लागली की निघण्याआधीच भरून टाका. पुढच्या व्हिसाच्या वेळी हजर न राहिल्याची नोंद नको.